आमच्या आधी खोली बघून गेलेल्या दोघी

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगते, निम्मे तरी हसण्यासाठीच वाचते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... आमच्या घरात असलं काही चालत नाही. बाबा रेल्वेत होते, नोकरीभर आडवेळी ड्यूटीला गेले-आले, त्यांना कधी कुणी भेटलं नाही. मी स्वतः एम.एस्सी. केलंय. पुरावा दाखवा मग बोला, असा माझा स्वभाव, आणि त्यापायी घरात पुष्कळ बोलणीही खाल्ली आहेत. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त स्पष्टीकरण देणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचा. मला सुचली तेवढी सगळी स्पष्टीकरणं मी स्वतःच लावून बघितली आहेत.

आणखी एक - मी जबलपूरची. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मध्येच हिंदी आलं तर सांभाळून घ्या. आई म्हणते, माझं मराठी म्हणजे अर्धं वर्धा आणि अर्धा जबलपुरातल्या रांझीचा बाजार.

तर झालं असं. बाबा रिटायर झाले, रेल्वेचं क्वार्टर सोडलं आणि आई-बाबा वर्ध्याला आमच्या घरी राहायला गेले. माझं शिक्षण बाकी होतं, म्हणून मी जबलपुरातच हॉस्टेलला आले. तिथे माझी रूममेट होती मर्सी. आफ्रिकेतल्या मलावी देशाची. स्कॉलरशिपवर शिकायला आलेली. उंच, शांत, कुठल्याही विनोदावर सगळ्यांचं हसून झाल्यावर हसणारी. मी दिवसातून चार जणांशी भांडणारी आणि ती माझ्या वतीने त्या चौघांना सॉरी म्हणणारी, अशी आमची जोडी. आमचं आपसातलं बोलणं इंग्रजीत चालायचं, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. तिला कामापुरतं हिंदी येत होतं. मराठीचा एक शब्दही येत नव्हता. हे लक्षात ठेवा.

ऐन गणपतीच्या दिवसांत हॉस्टेलची इमारत दुरुस्तीला काढली आणि आम्हाला सांगण्यात आलं, खोल्या रिकाम्या करा, आपापली सोय बघा. मला काय, मी वर्ध्याला गेले असते. मर्सीचं तसं नव्हतं. तिचा राहण्याचा परवाना संपत आला होता आणि तो वाढवायला पत्ता लागत होता. पत्ता म्हणजे नुसता लिहून द्यायचा पत्ता नाही, तर घरमालकाने स्वतःच्या नावाने पोलिसांना कळवायचं की ही विदेशी मुलगी माझ्याकडे राहते. ते करायला कुणी तयार नाही. पत्ता नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर अर्धी डिग्री गुंडाळून परत मलावी. आणि तिच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच मुलगी होती. एकदा परत गेली की पुन्हा स्कॉलरशिप कोण देणार?

मी ठरवलं, आपण दोघी मिळून एक खोली घ्यायची. हिची सोय झाल्याशिवाय मी वर्ध्याला जाणार नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती भडकलीच, कारण घरी महालक्ष्म्या होत्या. पश्चिम महाराष्ट्रातले लोक ज्यांना गौरी म्हणतात त्याच. पण आमच्या विदर्भातल्या घरांतून त्यांचा थाट वेगळाच. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, साड्या नेसवून उभ्या करायच्या. पहिल्या दिवशी दारातून आत आणून एकेक खोली दाखवत घरभर फिरवायचं - हे स्वयंपाकघर, हे धान्य, हे कपाट. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा महानैवेद्य, तिसऱ्या दिवशी निरोप. आई म्हणाली, "दुनियेच्या पोरी सणाला घरी येऊन राहिल्या नं तू कोणाकोणासाठी खोल्या शोधत फिरून राहिली." मी म्हटलं, हो. आणि फोन ठेवला.

खोल्या शोधणं म्हणजे काय हे ज्यांनी शोधल्यात त्यांना सांगायला नको. फोनवर "हाँ हाँ आ जाइए", आणि आम्ही दारात उभ्या राहिलो की मर्सीकडे एक नजर आणि "वो तो कल ही उठ गया." कुणी फॅमिलीलाच देतो म्हणे, कुणाचा भाऊ अचानक गावाहून येणार असायचा. जबलपूरच्या सदर भागात एका आंटीने तर मर्सीच्या समोर मला विचारलं, "ये खाती क्या है?" मर्सीने स्वतःच उत्तर दिलं, "आंटी, मैं राजमा खाती. आप?" आंटीला हसू आलं, पण खोली काही दिली नाही. हा सदरचा दिवस म्हणजे महालक्ष्म्या यायचा दिवस. त्या दिवशी दुपारभर आम्ही सदरमध्येच होतो. उन्हात फिरून डोकी दुखली म्हणून संध्याकाळी तिथेच इडली खाल्ली आणि ऑटोने हॉस्टेलला परत. दुसरीकडे कुठेही गेलो नाही. हेही लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या चष्म्यावर बसले. एक काडी तुटली. दुकानात जायला वेळ कुठे होता, मर्सीने तिच्या औषधांच्या डब्यातली पांढरी पट्टी गुंडाळून दिली आणि आम्ही निघालो.

त्या दिवशी रांझीकडून रिछाईला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्ल्या धरल्या होत्या. डिफेन्स फॅक्टऱ्यांमधून रिटायर झालेल्या लोकांची घरं आहेत तिकडे. पुढे छोटी बाग, लोखंडी फाटक, वर एखादी खोली मुलासाठी बांधलेली आणि मुलगा बंगलोरला. एका किराणा दुकानात पाणी घेताना मी दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "किराए का तो नहीं मालूम दीदी, पर वो मराठी आंटी हैं न, घाटोळे जी के यहाँ, सुबह से ऊपर वाला कमरा धुलवा रही हैं. पूछ लो."

फाटकाला पाटीबिटी काही नव्हती. मी कडी वाजवायच्या आत एक बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. साठीच्या पुढच्या, गोल चेहरा, कपाळाला मोठं कुंकू. आम्हाला बघून म्हणाल्या, "आल्या का? मी सकाळपासून वाटच पाहून राहिली. या या, चपला राहू द्या तिथंच."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघत असाल. आम्ही खोली विचारायला आलोय."

"खोलीचंच म्हणून राहिली नं मी! धुऊन घेतली वरची. काल जाळे केवढे होते, मलाच लाज वाटली तुम्हाला दाखवताना."

"काल आम्ही नव्हतो आलो काकू."

काकू माझ्याकडे बघून हसल्या. लहान मूल काहीतरी थापा मारतंय आणि आपल्याला ते गोड वाटतंय, तसं. "बरं बाप्पा, नव्हत्या आल्या. पण तो चष्मा अजून तसाच काहून? काल म्हटलं होतं नं, पट्टी लावून फिरू नको, दुकान जवळच आहे."

माझा हात आपोआप चष्म्याकडे गेला. तो त्या दिवशी सकाळी तुटला होता. मी मर्सीकडे पाहिलं. तिला समजेल असं काहीच नव्हतं, ती आपली सगळ्यांना बघून हसत होती. मग काकू तिच्याकडे वळल्या आणि मराठीत काहीतरी विचारलं - भूक लागली का, असंच काहीतरी. मर्सीने माझ्याकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "आज काहून बोलत नाही ही? काल तर केवढं गोड मराठी बोलून राहिली होती! मी यांना म्हटलंही, आपल्या सुनेपेक्षा छान बोलते."

आता तुम्ही म्हणाल, बाईंना विसरायला होत असेल. माझाही पहिला अंदाज तोच. पण व्हरांड्यात खुर्चीवर घाटोळे काका बसले होते. फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते ते, बनून आलेला प्रत्येक पार्ट तपासून पास-नापास करायचं काम. नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी, पण नजर एकदम धारदार. मी त्यांना विचारलं, काका, काल खरंच आम्ही आलो होतो का? ते म्हणाले, "फाटक मीच उघडलं बेटा. तुम्ही दोघीच होत्या. हा चष्मा, ही पट्टी. विचारायचं काय त्यात?"

मग काकूंनी सगळं सांगितलं. त्यांच्याकडे तीन पिढ्यांच्या महालक्ष्म्या. काकांचा गुडघा, मुलगा-सून पुण्याला, सोळा भाज्या नं पुरण एकटीने होईना, म्हणून यंदा पहिल्यांदाच मुखवटे नागपूरला धाकट्या दिराकडे पाठवले होते. काल दुपारी, एरवी ज्या वेळी त्यांना आत आणतात त्या वेळी, काकू रिकाम्या बसल्या होत्या. बसवेना म्हणून सवयीने पहिल्या दिवसाची भाजी-भाकरी तेवढी केली होती. आणि आम्ही दोघी फाटकात. "म्हणाल्या, घर पाहायचं होतं. मी म्हटलं, अगोबाई, आमचं घर कुठं किरायाचं आहे? तर ही म्हणते" - म्हणजे मर्सी - "दाखवा तर खरं. मग दाखवलं सगळं. स्वयंपाकघर, कोठी, वरची खोली. भाजी-भाकरी वाढली. दोघी चाटूनपुसून जेवल्या. जाताना तुम्हीच म्हणाल्या, वरची खोली आम्हाला ठेवा. मी शब्द दिला."

म्हणजे ती खोली भाड्याची कधीच नव्हती. काल कुणीतरी येऊन मागितली म्हणून आज ती धुतली गेली, आणि धुतली गेली म्हणून दुकानदाराने आम्हाला सांगितलं. मी हे सगळं मर्सीला इंग्रजीत सांगितलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. मर्सी मात्र वेगळाच विचार करत होती. ती म्हणाली, "म्हणजे ही खोली दुसऱ्या दोन मुलींना कबूल झालीय. त्यांच्या हक्काची आपण कशी घ्यायची? तू यांना नीट समजावून सांग."

मी पुन्हा समजावलं. काल आम्ही सदरमध्ये होतो, चष्मा आज तुटला, हिला मराठी येत नाही. काकू ऐकून घेत होत्या आणि वाटीत काहीतरी ओतत होत्या. आंबील होती, ज्वारीच्या पिठाची, ताकातली, दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांना लागते ती. मर्सीने एक घोट घेतला. तिचे डोळे भरून आले. मलावीत मक्याचं पीठ आंबवून अगदी असंच काहीतरी करतात, तिची आई करायची. जबलपुरात आल्यापासून तिने ती चव घेतली नव्हती. काकूंनी काही न विचारता वाटी पुन्हा भरली.

मी मनात ठरवून टाकलं. काल कुणी का येऊन गेलं असेना, ही खोली आता आपली. त्या दोघी आल्या तर भांडू. आणि भांडायला मी आहेच.

पण तसं सोपं नव्हतं. काकांनी मर्सीला विचारलं, "बेटी, आप कहाँ की हो?" तिने सांगितलं. काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. काल ती मराठी बोलत होती, म्हणून त्यांनी तिला आपल्याकडचीच कुणीतरी मानलं होतं. आता हिचा पासपोर्ट, हिचा परवाना, आणि पोलिसांत काकांचं नाव. ज्यांनी जन्मभर फॅक्टरीच्या गेटवर डबा उघडून दाखवला, बाहेरच्या माणसाजवळ कामाबद्दल चकार शब्द काढला नाही, ते लोक विदेशी म्हटलं की आजही दचकतात. तेवढ्यात समोरच्या घरातले मिश्राजी फाटकावर येऊन उभे राहिले. तेही त्याच फॅक्टरीचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घाटोळे जी, सोच लो. विदेशी को घर में रखोगे? कल को कुछ हुआ तो पेंशन रुक जाएगी."

असा काही नियम नाही हे मी मिश्राजींना सांगितलं. जरा मोठ्यानेच सांगितलं. त्याचा फायदा झाला नाही.

काकू म्हणाल्या, "मी शब्द दिला आहे."

काका म्हणाले, "शब्द त्या पोरींना दिला. ह्या म्हणून राहिल्या, त्या आम्ही नव्हतो. मग शब्द कोणाला दिला?"

बघा आता! मीच खरं बोलून स्वतःची वाट लावली होती. काका शेवटी म्हणाले, "उद्या सांगतो." त्यांच्या आवाजावरून नाही म्हणणार हे कळतच होतं. परत येताना ऑटोत मर्सी म्हणाली, "माझी आई म्हणते, जे दार उघडणार नाही त्यावर डोकं आपटू नये. मी तिकीट बघायला लागते." मी तिला म्हटलं, तू तिकीट बघितलंस तर मी तुझा फोन नर्मदेत फेकेन. ती हसली, सगळ्यात शेवटी हसायची तशीच. पण मग बाहेर बघत राहिली, आणि तिचा चेहरा बघून मला रडू आलं. इतकं चांगलं माणूस, आणि एवढ्या मोठ्या शहरात तिला एक खोली मिळू नये याचा मला भयंकर राग आला होता.

तिसरा दिवस हॉस्टेल सोडायचा. उत्तराची वाट न बघता मी दोघींचं सगळं सामान बांधलं. दोन मोठ्या बॅगा, मर्सीची ती निळी ट्रंक, बादली, गाद्यांची वळकटी. मर्सी म्हणाली, अजून त्यांनी हो म्हटलेलं नाही. मी म्हटलं, म्हणूनच. काय बोलायचंय ते सामानासकट दारात बसलेल्या मुलींना बोलू देत. ऑटोवाला म्हणाला, "दीदी, इतने में तो लोडर आता है." त्याच्याशीही भांडले आणि दुपारी घाटोळ्यांच्या फाटकासमोर उतरलो.

काका व्हरांड्यात खुर्चीवर होते, फाटकाकडे तोंड करून. आम्हाला बघून ते उभे राहिले. गुडघा विसरून, काठी न घेता उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, मर्सीकडे पाहिलं, मग मान वळवून घराच्या आत पाहिलं. पुन्हा आमच्याकडे.

"तुम्ही तर..." ते म्हणाले. "आत्ता तर आत गेल्या तुम्ही. दोघी. मी कडी लावली आत्ता."

फाटकाची कडी आतून लागलेली होती.

आणि तेव्हा मला वरून काकूंचा आवाज आला. स्पष्ट, रोजच्या बोलण्यातला. "ही खिडकी लोटून ठेवा, संध्याकाळी मच्छर येतात... हो... इथं दोन खाटा आरामात येतात... नाही गं, कशाचं ऊन!" मध्ये थांबत, कुणीतरी काही विचारतंय आणि आपण उत्तर देतोय, तशा. मग त्या मोठ्याने हसल्या.

मी घाबरले का? खरं सांगते, नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा की, त्या दोघी आल्या! आमची खोली घ्यायला आल्या! भीती वगैरे सगळं नंतर. मी काकांना म्हटलं, "काका, फाटक उघडा. कोण आहेत बघू द्या मला." ते हलेनात. मी फाटकावरून हात घालून स्वतःच कडी काढली आणि आत शिरले. मर्सीने मागून माझा दंड धरला.

वर जायचा जिना एकच, आणि तो व्हरांड्यातूनच चढतो. काका सगळा वेळ तिथेच होते. आम्ही तिघंही जिन्याच्या तोंडाशी उभे. वरून पावलं वाजली, आणि काकू उतरल्या. एकट्या. पायऱ्यांकडे बघत, सावकाश, भिंतीला हात टेकवत. खाली आल्यावर मान वर केली, आम्हाला पाहिलं, आणि वैतागल्या.

"अगं, वर बसा म्हटलं होतं नं! मी चहा टाकायला उतरली नं तुम्ही माझ्या आधी खाली? नं हे सामान केव्हा आणलं?"

मी जिना चढून वर गेले. खोली रिकामी होती. खिडकी लोटलेली. धुतलेल्या फरशीवर कुणीही नव्हतं, गच्चीच्या दाराला आतून बोल्ट. मी बोल्ट काढून गच्चीही बघितली. पलंगाखाली बघायला पलंगच नव्हता.

खाली आले तर मर्सी तिथेच उभी होती. नंतर तिने मला सांगितलं ते लिहिते. मला फक्त काकूंचा आवाज आला होता, तिला तिघींचा आला. ती म्हणाली, "त्यातला एक आवाज माझा होता. मी तुमच्या भाषेत बोलत होते, आणि मला कळत नव्हतं मी काय बोलतेय."

काकांनी काठी उचलली, फाटकाबाहेर गेले आणि दुसऱ्या हाताने मर्सीची बादली उचलली. ती जड, तिच्यात तिची पुस्तकं भरलेली. मर्सी धावली, "अंकल, नहीं, मैं लेती." काका म्हणाले, "चलो बेटा. अंदर चलो." समोर मिश्राजी उभेच होते. काकांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

त्याच संध्याकाळी काका ऑपरेशनच्या गुडघ्यावर आमच्याबरोबर पोलीस ठाण्यात आले. मोबाईलवर फॉर्म भरायचा होता तो मी भरला, सही त्यांनी केली. तिथल्या माणसाने विचारलं, "ये आपकी कौन लगती हैं?" काका म्हणाले, "किराएदार हैं. दोनों." आणि थोडं थांबून, "घर की ही समझ लो." मर्सीचा परवाना वाढला. त्या खोलीत आम्ही डिग्री होईपर्यंत राहिलो. मर्सी काकूंकडून भाकरी थापायला शिकली, मराठीही शिकली, मोडकं-तोडकं. काकू तिला चिडवायच्या, "पहिल्या दिवशी बोलून राहिली होती तशी बोल नं."

आता स्पष्टीकरणं. जबलपुरात आफ्रिकन मुली काही ढिगाने नाहीत. हॉस्टेलमध्ये होत्या त्या प्रत्येकीला विचारलं, कुणीही कुण्या मराठी मुलीबरोबर तिकडे गेलेली नव्हती. दुकानदार म्हणाला, दोन्ही दुपारी तो दुकानातच होता, त्याने कुणाला पाहिलं नाही. मिश्राजींच्या घरावर कॅमेरा आहे, तेव्हा मानापमान गिळून त्यांच्याकडेही गेले. तर कळलं, तो नुसता चोरांना दाखवायला लावलेला, आत वायरच नाही. काकूंना भास होत असतील म्हणावं तर काकांना कसे झाले? दोघांनी मिळून काही रचलं म्हणावं, तर कशासाठी? आणि चष्म्याची पट्टी? ती तर आदल्या दिवशी जगात नव्हतीच. वर्ध्याला आईला सांगितलं तर तिने फोनवरच हात जोडले आणि म्हणाली, "दोघी होत्या नं? मग." आईसाठी तेवढं पुरेसं आहे. मला नाही.

काकांना मी त्यानंतर कधी विचारलं नव्हतं. काहीतरी होतं त्यांच्या चेहऱ्यावर, की विचारवत नव्हतं. मर्सी परत गेली त्या दिवशी मी आणि काका तिला स्टेशनवर सोडायला गेलो होतो. घरी येताना ऑटोत मी धीर केला. म्हटलं, काका, तुमचा आयुष्यभराचा धंदा बघून तपासायचा. त्या दिवशी तुम्ही दोघींना आत जाताना बघितलं, मग आम्हाला बाहेर बघितलं. खऱ्या कोण ते कसं ठरवलं?



"खऱ्या कोण ते नाही ठरवलं मी, खोली कोणाला द्यायची तेवढं ठरवलं," काका म्हणाले. "तुमच्यात नं त्यांच्यात काही फरक नव्हता. मी पाहिलं नं नीट. फक्त त्यांच्याजवळ सामान नव्हतं, बेटा. तुमच्याजवळ होतं."